पहाटेची मैदानी चाचणी, संध्याकाळचा सराव आणि स्नायूंचं घड्याळ

भुसावळ_मैदान

पोलीस भरतीच्या मुलामुलींचा सराव घेतो. निम्मी मुलं दिवसा एमआयडीसीत नाहीतर डाळ मिलमध्ये कामाला असतात, म्हणून सराव संध्याकाळी साडेसात ते नऊ. चाचणीला मात्र पहाटे रांगेत उभं राहायचं आणि सहा-साडेसहाला धावायचं. संध्याकाळी १६०० मीटर, १०० मीटर, गोळा, सगळं ठीक येतं. सकाळी तीच मुलं मागे पडतात, गोळ्यात सगळ्यात जास्त.

स्नायूंना स्वतःचं घड्याळ असतं आणि ते व्यायामाच्या वेळेवर लागतं असं वाचलं. कितपत खरं? खरं असेल तर चाचणीच्या किती दिवस आधी सराव सकाळी न्यायचा? आणि सेकंड शिफ्टवाल्यांचं काय करायचं?

पेशी_आणि_प्रथिनं

खरं आहे, आणि पुरावा पक्का आहे.

मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी असतं. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या बरोबर वर साधारण २०,००० चेतापेशींचा तो पुंजका आहे. त्याची वेळ उजेडावर लागते. पण तसंच जनुकांचं चक्र प्रत्येक स्नायूपेशीतही चालतं. क्लॉक आणि बीमॅल-१ ही प्रथिनं जोडीनं पीरियड आणि क्रिप्टोक्रोम ही जनुकं चालू करतात. त्या जनुकांपासून बनलेली प्रथिनं साठत गेली की तीच क्लॉक-बीमॅलच्या जोडीला दाबून टाकतात. पुढे ती मोडतात आणि फेरा नव्यानं सुरू होतो. एका फेऱ्याला साधारण २४ तास लागतात. फळमाशीतल्या या यंत्रणेवरच्या कामासाठी हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

स्नायूत या चक्राचं काम मोठं आहे. उंदरांच्या फक्त स्नायूंतून बीमॅल-१ काढून टाकलं, तर रक्तातली साखर पेशीत ओढणारं ग्लूट-४ हे प्रथिन कमी होतं आणि इन्सुलिन असूनही स्नायू साखर नीट उचलत नाही. जाग येऊन हालचाल सुरू व्हायच्या आधीच स्नायू इंधनाची तयारी करून ठेवतो, ती या घड्याळाच्या जोरावर.

तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेला प्रयोग २०१२ चा, अमेरिकेतल्या करिन एस्सर यांच्या गटाचा. उंदरांना चार आठवडे रोज ठरलेल्या दोन तासांत, त्यांच्या विश्रांतीच्या वेळेत, पळवलं. स्नायूंचं घड्याळ दोन ते तीन तास अलीकडे आलं, म्हणजे सगळं लवकर होऊ लागलं. मेंदूतलं घड्याळ जागचं हललं नाही. २०२० मध्ये त्याच गटानं दाखवलं की एकाच वेळच्या व्यायामानंही स्नायूचं घड्याळ सरकतं, आणि अलीकडे की पलीकडे हे व्यायाम कोणत्या वेळी झाला त्यावर ठरतं. बशीत वाढवलेल्या स्नायूपेशींना विजेच्या झटक्यांनी आकुंचन पावायला लावलं तरी तेच घडलं. तिथे मेंदू नाही, संप्रेरकं नाहीत. आकुंचन हाच निरोप.

तो निरोप पोचायच्या वाटा बऱ्याच आहेत. आकुंचनात कॅल्शियम सुटतं. इंधन कमी झालं की एएमपीके हे विकर जागं होतं आणि क्रिप्टोक्रोमला मोडायला लावतं. पीजीसी-१ अल्फा हे प्रथिन वाढतं, ते बीमॅल-१ चं उत्पादन वर नेतं. शिवाय स्नायू तापतो, आणि बाहेरच्या अवयवांची घड्याळं तापमानावरही लागतात. माणसाच्या एकाच पायाला वजनाचा व्यायाम देऊन दोन्ही पायांच्या स्नायूंचे तुकडे तपासले, तर घड्याळाच्या जनुकांतला बदल व्यायाम झालेल्या पायात दिसला.

आता तुमच्या वेळेबद्दल. २०१९ मध्ये माणसांवर झालेल्या प्रयोगात तीन दिवस रोज एक तास मध्यम गतीनं ट्रेडमिलवर चालवलं-पळवलं. सकाळी ७ ला आणि दुपारी १ ते ४ मध्ये व्यायाम केला तर शरीराचं घड्याळ अलीकडे आलं, संध्याकाळी ७ ते रात्री १० मध्ये केला तर पलीकडे गेलं. तुमचा साडेसात ते नऊचा सराव नेमका दुसऱ्या खिडकीत पडतो. तुम्हाला पहाटेसाठी शरीर लवकर जागं हवंय आणि सराव त्याला रोज उशिराकडे ढकलतोय.

सातपुडा_ट्रॅक

वरचं शास्त्र धरून कामाचं सांगतो भो. तीन आठवडे आधी सुरुवात करा. शेवटच्या चार दिवसांत वेळ बदललीत तर पोरं फक्त कमी झोपेची होतात.

संध्याकाळच्या साडेसातवरून हळूहळू मागे येत पहाटेपर्यंत पोचायचा प्रयत्न करू नका, मधल्या वेळा कामावरच्या पोरांना जमत नाहीत. पहिल्या आठवड्यात आठवड्यातून तीन दिवस सराव सकाळी ७ ला ठेवा, उरलेले दिवस संध्याकाळी फक्त हलकं काम, तेही आठच्या आत संपवा. जोराची इंटरव्हल (जोरात धाव, थोडी विश्रांती, परत धाव) आणि गोळ्याचे पूर्ण ताकदीचे फेक याच आठवड्यापासून सकाळीच. दुसऱ्या आठवड्यात सगळा सराव सकाळी, दर दोन दिवसांनी २० मिनिटं अलीकडे. तिसऱ्या आठवड्यात चाचणीच्याच वेळेला आणि चाचणीच्याच क्रमानं. शेवटचे तीन दिवस वेळ तीच, काम निम्मं.

झोपेची वेळ त्याच मापानं अलीकडे आली पाहिजे. सगळं फसतं ते इथे. साडेचारला उठायचं तर साडेनऊच्या आत आडवं व्हायला हवं. दुपारी चारनंतरचा चहा बंद, कॅफिन निम्मं उतरायलाच पाच तासांच्या आसपास लागतात. रात्री साडेदहाची शेवभाजीही बंद. यकृताचं घड्याळ जेवणाच्या वेळेवर लागतं, ते मागे राहिलं की सकाळी पोट जड. जेवण साडेसातला उरकायचं.

रविवारी नऊपर्यंत झोपू देऊ नका. एका सुट्टीत आठवड्याची बरीच मेहनत मागे जाऊ शकते.

आणि साडेतीनला उठवून पळवणारे काही जण आहेत, ते करू नका. शरीराचं तापमान तेव्हा सगळ्यात खाली असतं, वॉर्मअपला काम जास्त पडतं आणि झोपेचा शेवटचा तुकडा जातो.

भुसावळ_मैदान

धन्यवाद दादा. दोन शंका. गोळ्यातच सगळ्यात जास्त फरक का पडतो? आणि जानेवारीत साडेसहाला अंधार असतो, तेव्हा उजेडाचं काय?

उजेड_आणि_झोप

गोळ्याचं कारण तापमान. शरीराचं आतलं तापमान पहाटे खालच्या टोकाला असतं आणि दुपारनंतर, चार ते आठच्या दरम्यान, वरच्या टोकाला. थंड स्नायू सावकाश आकुंचन पावतो. क्षणात पूर्ण जोर लावायच्या प्रकारांना, म्हणजे गोळा आणि १०० मीटरला, त्याचा फटका जास्त बसतो. लांब पल्ल्याला कमी. १६०० मीटर मधलं आहे.

म्हणून सकाळचा वॉर्मअप संध्याकाळच्या दुप्पट धरा, २० ते २५ मिनिटं: दहा मिनिटं सावकाश धाव, मग पाय-खांदे-कंबर हलवणारे व्यायाम, मग ३० मीटरच्या चार-पाच वाढत्या वेगाच्या धावा. गोळ्याआधी हलक्या गोळ्याचे सात-आठ फेक, त्यानंतर ७.२६० किलोचे दोन-तीन. मुलींना ४ किलोचा. रांगेत तासभर बसावं लागलं तर हे सगळं निवून जातं, म्हणून अंगावर स्वेटर आणि फुल पँट राहू द्या, नंबर यायच्या दहा मिनिटं आधी परत जागेवर धाव. सकाळी नियमित सराव करणाऱ्यांत सकाळ-संध्याकाळचा फरक कमी होतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पूर्ण जातो असं धरून चालू नका.

उजेडाबद्दल एक दुरुस्तीवजा मुद्दा. उंदरांवरचं काम उत्तम आहे, पण उंदीर निशाचर. त्यांची वेळ उचलून आपल्याला लावता येत नाही, दिशा तेवढी घ्या. माणसात मेंदूचं घड्याळ सरकवायला उजेड व्यायामापेक्षा भारी पडतो. मेंदू उशिरावर आणि स्नायू लवकरवर, अशी ओढाताण ठेवण्यात फायदा नाही.

खान्देशात जूनमध्ये पावणेसहाच्या सुमारास उजाडतं, तेव्हा मैदानावरच उजेड मिळतो. जानेवारीत सूर्य सातनंतर. तेव्हा सराव झाला की मुलांना लगेच घरी पाठवू नका, ताणाचे व्यायाम आणि पाणी-नाश्ता उघड्यावर सात ते साडेसातपर्यंत चालू द्या. रात्री मात्र नऊनंतर मोबाईलची चमक कमी.

शिफ्ट_आणि_शरीर

सेकंड शिफ्टचं उत्तर राहिलं.

दुपारी २ ते १० किंवा ४ ते १२ करणारा मुलगा एक-दीडच्या आत झोपत नाही. त्याला पहाटे पाचला मैदानावर बोलावणं म्हणजे साडेतीन तासांच्या झोपेवर इंटरव्हल. तो सुधारणार नाही, नडगी नाहीतर मांडीमागचा स्नायू धरून बसेल. सगळ्यात बरं म्हणजे शेवटचे तीन आठवडे सुपरवायझरकडून फर्स्ट शिफ्ट मागून घेणं. न मिळाल्यास निदान शेवटचे दहा दिवस रजा. तोपर्यंत सकाळी साडेआठला उठून नऊला सराव, थंडीत सहज जमतं.

एप्रिल-मेमध्ये नऊ-दहालाही ऊन चढलेलं असतं, मग मैदान नको. वजनं, दोरीवरच्या उड्या, पोटाचे व्यायाम घरात किंवा जिममध्ये, आणि धावणं सुट्टीच्या दिवशी पहाटे. दुपारी चारला ताकद शिखरावर असते हे खरं, पण ४४ अंशांत ती वेळ बाहेर धावायची नाही.

शिफ्ट बदलत असेल तर सकाळ, दुपार, रात्र असा क्रम अंगाला सोपा जातो. आपलं आतलं घड्याळ सरासरी २४ तासांहून थोडं लांब चालतं, त्यामुळे उशिरा सरकणं जमतं, अलीकडे येणं जड जातं. म्हणूनच तुमच्या मुलांना तीन आठवडे लागतात.

रात्रपाळीवाल्यांनी ड्यूटी संपल्यावर सकाळी जोराचा सराव करू नये. झोपून उठल्यावर, दुपारी तीन-चारनंतर, आत कुठेतरी करावा.

मैदानावर पालकही फिरायला येत असतील आणि त्यांना शुगर असेल तर एवढं सांगा: टाइप २ मधुमेह असलेल्या ११ पुरुषांवरच्या एका प्रयोगात जोराचा इंटरव्हल व्यायाम दुपारी केल्यावर साखर उतरली, सकाळी केल्यावर उलट चढली. अभ्यास छोटा आहे, म्हणून ग्लुकोमीटरनं व्यायामाआधी आणि तासाभरानं मोजून आपलं आपण बघावं. इन्सुलिन किंवा साखर पाडणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि आधीचा आकडा १०० च्या खाली असेल, तर १५ ग्रॅम कर्बोदक खाऊन मगच सुरुवात. अर्धं-पाऊण केळं पुरतं.