मान आणि उजव्या खांद्याच्या पात्याचा आतला कोपरा दुखतो: टेबल-खुर्चीची मापं आणि व्यायाम सांगा

अंबड_अकाउंट्स
अंबड एमआयडीसीत अकाउंट्सचं काम, दिवसभर टॅली. उंची ५ फूट १ इंच, वय ४३. टेबल ३० इंची, खुर्ची गॅसची, पण पाय टेकावेत म्हणून पार खाली केलेली. १५ इंची लॅपटॉप थेट टेबलावर, नंबर पॅड त्यातच, माउस उजवीकडे, बिलांचा गठ्ठा डाव्या हाताला. दुपारी तीननंतर मानेची उजवी बाजू आखडते आणि उजव्या पात्याच्या आतल्या वरच्या कोपऱ्यात ठणका लागतो. हाताला मुंग्या नाहीत. एक्स-रेमध्ये ‘सी ५-सी ६ गॅप कमी’ लिहिलंय. मानेला पट्टा लावावा का? आणि नेटवरच्या पंचवीस व्यायामांपैकी नेमके कोणते करायचे?

फिजिओ_इंदिरानगर
ताई, एक्स-रेची धास्ती सोडा. सी ५-सी ६ म्हणजे मानेचा पाचवा-सहावा मणका, त्यांच्यामधली जागा कमी दिसतेय एवढंच. मानेची कसलीही तक्रार नसलेल्या १,२११ जपानी लोकांचे एमआरआय काढून तपासले होते (२०१५ साली प्रसिद्ध झालं). त्यात ८७.६ टक्के लोकांची चकती, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी, फुगलेली निघाली. मुंग्या नाहीत, हाताची ताकदही शाबूत असेल, तर त्या रिपोर्टवरून तुमच्या दुखण्याचा अर्थ लावता येत नाही.

तुमच्या टेबलावरून मात्र लावता येतो. बिलं डावीकडे आणि सपाट, म्हणजे प्रत्येक एन्ट्रीला डोकं डावीकडे-खाली जातं. मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून पात्याच्या आतल्या वरच्या कोपऱ्यापर्यंत एक स्नायू जातो, लिव्हेटर स्कॅप्युली. डोकं डावीकडे-खाली गेलं की उजवा लिव्हेटर ताणला जातो. दीडशे बिलं असतील तर दीडशे वेळा. त्यात नंबर पॅडमुळे माउस आणखी उजवीकडे सरकतो, हात बाहेर लांबवून ठेवावा लागतो आणि तोच खांदा वर उचललेला राहतो. ठणका नेमका त्याच कोपऱ्यात बसलाय.

म्हणूनच ‘नाक काखेकडे नेऊन ताण द्या’ हा सगळीकडे सांगितला जाणारा व्यायाम मला तुमच्यासाठी पहिल्या नंबरचा वाटत नाही. दिवसभर ताणलेल्या स्नायूला आणखी ताणलं की अर्धा तास बरं वाटतं, मग पुन्हा तेच. २० सेकंदांचा ताण दोनदा द्या, हरकत नाही, पण खरं काम ताकदीचं आहे. तीनच व्यायाम नेमाने करा.

पहिला, झोपून ‘हो’ म्हणणं. पाठीवर झोपा, डोक्याखाली टॉवेलची एक घडी. डोकं न उचलता अगदी बारीक ‘हो’ म्हणल्यासारखी हनुवटी गळ्याकडे आणा, १० सेकंद धरा, १० सेकंद सोडा, असं १० वेळा. दोन बोटं गळ्याच्या बाजूला ठेवा. कानामागून छातीकडे येणारा स्नायू सुतळीसारखा ताठ झाला तर जोर जास्त लागतोय. हा व्यायाम मणक्याला चिकटलेल्या आतल्या स्नायूंचा आहे, वरच्यांनी ते काम ओढून घेतलं की फायदा शून्य. बहुतेक जण इथेच चुकतात, कारण जोर लावला म्हणजे व्यायाम झाला असं वाटतं. बसून करायचा असेल तर हनुवटी खाली नाही, सरळ मागे न्या. ५ सेकंद, १० वेळा.

दुसरा, रबरी पट्ट्याने हात बाजूला उचलणं. पट्टा पायाखाली धरा, कोपर जरासं वाकलेलं, हात बाजूला पण किंचित पुढच्या दिशेने, खांद्याच्या उंचीपर्यंतच. डेन्मार्कमध्ये मान-खांदा सतत दुखणाऱ्या १९८ लोकांवर हाच व्यायाम करून पाहिला (२०११). रोज २ मिनिटं, आठवड्याचे ५ दिवस, १० आठवडे. दुखणं कमी झालं, आणि १२ मिनिटं करणाऱ्या गटाला फार जास्त फायदा झाला असंही नाही. तेव्हा ‘वेळ नाही’ ही सबब इथे चालायची नाही. खांदे कानाकडे चढायला लागले की थांबा आणि हलका पट्टा घ्या.

तिसरा, खिडकीच्या गजाला पट्टा अडकवून दोन्ही कोपरं अंगालगत मागे ओढा. १२-१२ चे ३ फेरे, एक दिवसाआड. पाती एकमेकांकडे आणि खाली, वर नाही.

करताना १० पैकी ३ इतकं दुखलं आणि दुसऱ्या सकाळी निवळलं तर चालू ठेवा. सकाळी जास्त ठणकलं तर वेळा निम्म्या करा. पट्टा, म्हणजे कॉलर, नको. आठवडेच्या आठवडे लावला की मानेचे स्नायू काम करायचं विसरतात.

पंचवटीकर
एवढं कशाला? मालिशवाल्याकडून मान दोन्हीकडे कडकन मोडून घ्या, दोन मिनिटांत मोकळी. सलूनमध्ये दाढीबरोबर फुकट करून देतात.

फिजिओ_इंदिरानगर
दादा, कृपा करून हे कोणाला सांगू नका. मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर जातात. झटक्याने पीळ बसला तर आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि पुढे पक्षाघात. प्रसंग विरळा, पण सलूनच्या खुर्चीत तो ओळखणारं कोणी नसतं. ‘कडक’ आवाज म्हणजे सांध्यातल्या वायूचा बुडबुडा, काही जागेवर बसल्याची खूण नव्हे.

आणि ही लक्षणं दिसली तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टर गाठा: हाताची पकड सुटणं, बटण लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, तापासोबत मान ताठ होणं, पडल्यावर किंवा गाडीच्या अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं. छातीत दाब, घाम आणि डाव्या हातात-जबड्यात कळ असेल तर ती मान नव्हे, थेट इमर्जन्सी.

मोजपट्टी
टेबलाचं मी सांगतो. ३० इंच म्हणजे ७६ सेंमी. ही उंची साधारण पावणेसहा फुटी माणसाला लिहायला बरी, ५ फूट १ इंचाला टायपिंगला नाही. खुर्ची खाली करून पाय टेकले, पण खांदे वर गेले.

आकडे असे. सीट जमिनीपासून ४१ सेंमीवर असेल तर तुमचं कोपर जमिनीपासून साधारण ६२ सेंमीवर येतं. कीबोर्डचा वरचा भाग ७८ वर. फरक १६ सेंमी, तो खांदा भरून काढतोय. सगळा फरक खुर्चीने भरता येत नाही, म्हणून दोन्हीकडून या. सीट ५० वर घ्या, कोपर ७१ वर आलं. पायाखाली ९-१० सेंमीची फळी ठेवा. एकावर एक दोन पाटही चालतील, पण सरकायला नकोत, खाली रबर लावा. मग टेबलाखाली कीबोर्डचा सरकता ट्रे, ट्रेचा वरचा पृष्ठभाग ६८ ते ६९ सेंमीवर. १८ मिमी प्लाय धरून खालची बाजू साधारण ६७ वर येते, मांडी १४ सेंमी धरली तर ६४ वर संपते, तीन सेंमी मोकळे राहतात. सुताराला सांगताना मापं जमिनीपासून सांगा, ‘टेबलाखाली दोन इंच’ असं नको, कारण टेबलाच्या फळीची जाडी प्रत्येक ठिकाणी वेगळी.

ट्रेची रुंदी ७० सेंमी घ्या. ५० चा तयार ट्रे घेतला की कीबोर्ड खाली आणि माउस वरच राहतो, म्हणजे पैसे गेले आणि खांदा तिथेच. ऑफिसने टेबलाला भोकं पाडू दिली नाहीत तर क्लॅम्पने लागणारा ट्रे मिळतो.

कीबोर्ड नंबर पॅडशिवायचा, छोटा घ्या आणि नंबर पॅड वेगळा, जमेल तर डाव्या हाताला. पहिले आठ-दहा दिवस चुका होतील. न जमल्यास नंबर पॅड उजवीकडे ठेवून माउस डावीकडे न्या. दोन्ही उजवीकडे नकोत एवढंच.

लॅपटॉप दोन बॉक्स फायली आडव्या रचून त्यावर ठेवा, १५-१६ सेंमी उचलला जातो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा बोटभर खाली. अंतर हातभर, ५० ते ७० सेंमी. बिलं स्क्रीन आणि कीबोर्डच्या मध्ये तिरक्या स्टँडवर. पूजेच्या पोथीची लाकडी घडीची व्यासपीठं मिळतात ना, तसली जरा मोठी, अगदी तंतोतंत बसते.

माझे आकडे सरासरीचे आहेत. बसून, खांदे सैल सोडून, कोपर काटकोनात ठेवून कोणाकडून तरी जमिनीपासून टेप लावून घ्या आणि तो आकडा धरा.

बागायतदार_निफाड
आमच्याकडे उलटं आहे. द्राक्षाच्या थिनिंगला मजूर बाया दिवसभर मांडवाखाली मान वर करून घड विरळतात. संध्याकाळी मान मागून धरते, दोघींच्या हाताला मुंग्या. हेच व्यायाम द्यायचे का?

फिजिओ_इंदिरानगर
मान मागे गेली की मणक्यांच्या मागचे सांधे एकमेकांवर दाबतात आणि मज्जातंतू बाहेर पडायच्या खिडक्या अरुंद होतात. म्हणून मुंग्या. त्या दोघींना आधी तपासून घ्या आणि तोवर वर बघायचं काम देऊ नका. पॅकिंग, पाणी, खालच्या काड्या, काहीही.

बाकीच्यांसाठी व्यायामाआधी उंची बघा. घड नाकासमोर आणि हात खांद्याखाली यायला हवेत. उलटा क्रेट बहुतेकींना पुरतो, पण काळ्या ओल्या मातीत तो एका बाजूला खचतो, खाली फळीचा तुकडा टाका. दर अर्ध्या तासाला २ मिनिटं हात खाली, हनुवटी मागे घेऊन मग छातीकडे, ५ वेळा. मान गोल फिरवायला लावू नका, मागे जाणारी अर्धी फेरी त्यांना नकोच आहे. वर बघताना कोणाला चक्कर येत असेल तर तिला क्रेटवर चढवू नका.

अंबड_अकाउंट्स
ट्रेचं सुताराशी बोलले. एकच, मला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. स्क्रीन उचलल्यावर वाचायला हनुवटी वर करावी लागतेय.

मोजपट्टी
मग वरची एक बॉक्स फाइल काढा. प्रोग्रेसिव्हमध्ये जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो, त्यामुळे स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत आणली की मान मागे जाणारच. स्क्रीन ७-८ सेंमी खाली घ्या आणि वरची कड मागे कलवा. कायमचा उपाय हवा असेल तर चष्म्याच्या दुकानात फक्त कॉम्प्युटरच्या अंतराचा एकच नंबर असलेला वेगळा चष्मा करून घ्या, आणि डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजून तो आकडा सोबत न्या.