मदत हवी आहे: क्षारपड रानातल्या उसावर 'स्टेरॉइड हार्मोन' फवारू का नको? (शिरोळ, कोल्हापूर)

शिरोळचा_ऊसवाला
मंडळी नमस्कार, जरा घाईत विचारतोय. नदीकडच्या पट्टीत आमचा सुरू हंगामातला ऊस हाय, को ८६०३२ जातीचा, उगवण ठीक झाली पण आता उन्हाचा तडाखा सुरू झाल्यापासनं पानांचे शेंडे करपायला लागलेत, वरंब्यावर पाणी वाळलं की पांढरा थर दिसतोय, म्हणजे क्षाराचा त्रास हाय हे कळतंय. कृषी सेवा केंद्रवाल्यानं एक छोटी बाटली दिली, लेबलवर होमोब्रासिनोलाइड ०.०४ टक्के, म्हणाला झाडाचं स्टेरॉइड हाय, ऊन क्षार सगळा ताण सोसतंय, १५ लिटरच्या पंपाला १५ मिली टाका. आबांनी स्टेरॉइड ऐकलं आणि बाटली कपाटावर ठेवून दिली, 'जिममधली पोरं घेत्यात तेच ना, आपल्या गुळात नको' म्हणे. थोडा ऊस गुऱ्हाळाला जातो आमचा. तर हे खरंच काम करतं का, आणि गुळाचं काय?

हिरवी_पेशी
दुकानदार फेकत नाहीये, पण अर्धंच सांगितलंय त्यानं. बाटलीतला होमोब्रासिनोलाइड ज्या गटातला, तो ब्रासिनोस्टेरॉइड हा झाडात मुळातच असणारा हार्मोन आहे. मोहरीच्या जातकुळीतल्या रेप नावाच्या पिकाच्या परागकणांत १९७० मध्ये त्याचा पहिल्यांदा सुगावा लागला आणि १९७९ मध्ये शुद्ध रूपात हाती आला, तेही पोत्यानं पराग गाळून जेमतेम काही मिलिग्रॅम. पेशी लांबणं, पेशींचं विभाजन, पाणी वाहणाऱ्या नळ्या तयार होणं, पराग नीट होणं या सगळ्यात त्याचा हात असतो. १९९६ मध्ये अराबिडॉप्सिस नावाच्या छोट्या रोपात हा हार्मोनच तयार होत नाही अशी झाडं तपासली, तर ती बुटकी, गडद हिरवी, पानं मुडपलेली. बाहेरून हार्मोन दिला की वाढायला लागायची.

आबांना सांगा, जिमवाल्या स्टेरॉइडशी रेणूचा सांगाडा मिळताजुळता आहे एवढंच. माणसाचे स्टेरॉइड हार्मोन मुख्यतः पेशीच्या आत जाऊन काम करतात, झाडात मात्र हा निरोप पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर बसलेला बीआरआय१ नावाचा रिसेप्टर घेतो, तो १९९७ मध्ये सापडला. आणि भाजी, डाळ, भात खाताना हा हार्मोन अत्यल्प प्रमाणात आपल्या पोटात जातोच. बाटलीतला होमोब्रासिनोलाइड बनवतात तो स्टिग्मास्टेरॉलपासून, आणि स्टिग्मास्टेरॉल सोयाबीनच्या तेलात पण असतं.

शिरोळचा_ऊसवाला
हे आबांना वाचून दाखवतो. पण ताण कसा सोसतंय ते सांगा की.

हिरवी_पेशी
क्षारानं मुळाला पाणी ओढायला जड जातं, सोडियम पानात साठतो, आणि पेशीत घातक ऑक्सिजनचे रेणू वाढतात, शेंडे करपायला हे सगळं मिळून कारण. हा हार्मोन मिळाला की त्या रेणूंना आवरणारी एन्झाइम, कॅटालेज वगैरे, जास्त कामाला लागतात, आणि उन्हात पेशीतली प्रथिनं बिघडू नयेत म्हणून सांभाळणारी प्रथिनंही वाढतात. पण यातले बरेच प्रयोग कुंडीतल्या नाहीतर लॅबमधल्या रोपांवरचे आहेत, शिरोळच्या काळ्या रानातले नव्हेत, हे लक्षात ठेवा.

डोसचं गणित करून बघा, ०.०४ टक्के म्हणजे १ मिलीत साधारण ०.४ मिलिग्रॅम, १५ मिलीत ६ मिलिग्रॅम, ते १५ लिटरमध्ये म्हणजे ०.४ पीपीएम (दहा लाख भागांत ०.४ भाग). इतकं कमी असतानाही काम करतं, म्हणूनच 'थोडं जास्त टाकू' हा आपला कोल्हापुरी उत्साह इथं नको, प्रमाण वाढलं की मुळांची वाढ उलट खुंटते. दुकानदाराचं ऐकण्यापेक्षा लेबलवरचा डोस बघा, आणि लेबलवर ऊस आहे का तेही.

आजऱ्याचा_भातवाला
जास्त म्हणजे चांगलं असं न्हाईच. भातात या हार्मोनचा जोर वाढला की पानं आडवी पसरतात, कमी असला की उभी राहतात, आणि उभ्या पानाचा भात दाट लावला तरी खालपर्यंत ऊन पोचतं म्हणून उत्पन्न चांगलं मिळाल्याचं जपानी संशोधकांनी दाखवलंय. आमच्या घनसाळ भातावर कुणी असलं फवारायला सांगितलं तर मी आधी पान कुठं झुकतंय ते बघीन.

बांधावरचा
सगळं झालं पण मूळ दुखणं कुणी विचारलंच न्हाई. भावा, माती तपासलीस का? जवळच्या कुठल्याबी माती तपासणी लॅबला नमुना दे. सामू (पीएच) ८.५ च्या आत आणि क्षारता (रिपोर्टातला ईसी) ४ च्या वर असली तर खारवट, तिथं चांगल्या पाण्यानं क्षार धुऊन निचऱ्यातनं बाहेर काढायचे, जिप्समचा खर्च फुकट जाईल. सामू ८.५ च्या वर आणि सोडियम चिकटून बसलेलं चोपण असलं तर जिप्सम आणि शेणखत. पण चर न्हाईतर जमिनीखालची सच्छिद्र पाइप टाकल्याशिवाय दोन्हीला गुण न्हाई. बाटली निचरा करत न्हाई! आणि पाटपाणी बदाबदा देतोस का रे, त्यानंच क्षार वर येत्यात.

शिरोळचा_ऊसवाला
देतो की, पाळी आली की भरून घेतो. माती तपासलेली न्हाई अजून, उद्याच नमुना काढतो. बाटली आता विकत घेतलीच हाय तर फवारू का टाकून देऊ?

हिरवी_पेशी
फवारा, पण सगळ्या रानात नको. शेजारशेजारच्या काही सऱ्यांवर औषध, काहींवर नुसतं पाणी, खुंट्या ठोकून ठेवा. सकाळी लवकर न्हाईतर ऊन उतरल्यावर. हा हार्मोन झाडात लांबवर फिरत नाही, त्यामुळे पानं नीट भिजली पाहिजेत. कुठला पंप वापरताय?

शिरोळचा_ऊसवाला
तोच, ज्यानं टू-फोर-डी तणनाशक मारलेलं.

बांधावरचा
अरे बाबा! दुसऱ्याचा आण.