साइडबारवाल्यांनो, एकदा खतावणी उघडून बघा

खतावणीवाला:
परवा पिक्सेलपंतांनी ठणकावून लिहिलं, "वेब ॲपला वरचा मेनू देणारे अजून २०१० सालात राहतात. डावीकडे साइडबार, म्हणजे मेनूची उभी पट्टी टाका, विषय संपला." दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

मी पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करतो. असाच उपदेश ऐकून गेल्या वर्षी २४० पिक्सेलचा साइडबार टाकला. शाखांमधले लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चे. उरले ११२६. त्यात कर्ज खतावणीचे, म्हणजे लेजरचे, चौदा रकाने. शेवटचा रकाना शिल्लक, तो पडद्याबाहेर! ज्या एका आकड्यासाठी माणूस ते पान उघडतो, तोच बघायला आडवं सरकवत जायचं.

खरी गंमत पुढे. एका शाखेतल्या कॅशियर मॅडमना अक्षरं बारीक दिसायची, त्यांनी झूम १५० टक्के केलं. १३६६ भागिले दीड, म्हणजे ९१०. पानाची मांडणी करून देणारं बूटस्ट्रॅप आम्ही वापरतो, त्याच्या ९९२ च्या रेघेखाली गेलो, ॲपला वाटलं मोबाइल आला. साइडबार गायब, कोपऱ्यात तीन आडव्या रेघा, मेनू त्यांच्या आड लपलेला. सोमवारी साडेदहाला फोन, "सर, मेनू उडालाय, आणि काउंटरला आठ जण उभे आहेत."

हे तुमचं २०१० नंतरचं जग.

पिक्सेलपंत:
ब्रेकपॉइंट, म्हणजे ती मांडणी बदलणारी रेघ, तुम्ही चुकवलात, खापर साइडबारवर? तुमचा वरचा मेनूही ९१० ला त्याच तीन रेघांत गेला असता.

आता उंचीचं गणित करू. ७६८ मधून ब्राउझरचे टॅब, पत्त्याची पट्टी, खाली विंडोजची टास्कबार वजा करा. सहाशेच्या आसपास उरतात. त्यात तुमची पट्टी, तिच्याखाली सबमेनूची दुसरी पट्टी. खतावणीच्या दोन-तीन ओळी तिथेच गेल्या. रुंदी हवी असेल तर साइडबार मिटवता येतो, वरची पट्टी मिटवून दाखवा. शिवाय आज सहा मॉड्यूल, म्हणजे कामांचे विभाग, आहेत. उद्या लॉकर, सोनेतारण, पिग्मी आलं की कुठे बसवणार? 'इतर' नावाच्या अडगळीत?

खतावणीवाला:
मिटवला की नुसती चित्रं उरतात. पिग्मीचं, म्हणजे रोजच्या बचत ठेवीचं, चित्र काय काढाल सांगा. आमच्या डिझायनरने डुकराचा गल्ला काढला होता. डेमोला संचालक मंडळ बसलेलं, चेअरमननी विचारलं, "हे डुक्कर कशाला?" त्यानंतर कुणाचंच लक्ष लागलं नाही.

सावंतवाडीकर:
पुरावा हवा असेल तर, वापरसुलभतेचा अभ्यास करणाऱ्या नीलसन नॉर्मन ग्रुपने २०१६ साली हेच तपासलं होतं. डेस्कटॉपवर लपवलेला मेनू लोकांनी २७ टक्के वेळाच वापरला, उघडा दिसणारा जवळपास दुप्पट. म्हणजे वर की डावीकडे हा तुमचा वादच दुय्यम. दिसतोय की नाही, ते बघा.

पिक्सेलपंत:
तो अभ्यास वाचलाय. त्यातले लोक वेबसाइटवर नेमून दिलेलं काम करण्यापुरते आलेले. तुमचा क्लार्क रोज आठ तास त्याच पडद्यासमोर असतो. एकदा हात बसला की संपलं.

एफ_सहा:
हात बसणं म्हणजे काय ते टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्याला विचारा! एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल. आमच्या दुकानातले मुनीम माउसचा उपयोग पावत्या उडू नयेत म्हणून करायचे. मेनू कुठे, हा प्रश्नच त्यांना पडला नाही. आधी शॉर्टकट द्या, मग भांडा.

खतावणीवाला:
दिले होते. ब्राउझरमध्ये एफ५ दाबलं की पान रिफ्रेश होतं. टॅलीवरून आलेल्या एका मुलाने सकाळभरात चार अर्धी व्हाउचर उडवली.

एफ_सहा:
मग एफ५ अडवायचं ना. दोन ओळींचा कोड. असो.

वेलांटी:
कुणी मराठीत मेनू करून बघितलाय का? इंग्रजीच्या मापाने ओळीची उंची ठरवतात, शिवाय कडेबाहेर आलेलं सगळं कापायचं असा नियम टाकतात. रफार वरून गेला, उकार खालून. एका ॲपमध्ये 'कर्ज वसुली'चं 'कज वसली' झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. तिथे साइडबार बरा, उभी जागा वाढवता तरी येते.

पिक्सेलपंत:
धन्यवाद. एक तरी शहाणं माणूस आहे.

वेलांटी:
थांबा, तुमच्या बाजूने बोलत नाहीये. तुमच्या त्या नमुना चित्रात 'डे बुक'चं 'दैनंदिनी' केलंय. पतसंस्थेत दैनंदिनी म्हणजे चेअरमनची डायरी! त्याला किर्द म्हणतात.

शुद्धलेखन_प्रेमी:
कीर्द. की दीर्घ.

वेलांटी:
आमच्याकडे वहीवर किर्दच लिहितात.

शुद्धलेखन_प्रेमी:
वहीवर चूक असू शकते. शब्दकोश उघडा.

एफ_सहा:
दोन्ही चालतं. पुढे चला.

शुद्धलेखन_प्रेमी:
'दोन्ही चालतं' याच वृत्तीने भाषा बुडाली. मेनूत 'सेटिंग्ज', 'डॅशबोर्ड', 'लॉगआउट'. ही मराठी?

खतावणीवाला:
साहेब, आम्ही तुमचं ऐकलं होतं. लॉगआउटला 'निर्गमन' लिहिलं. महिनाभर कुणी दाबलं नाही, सगळे सरळ खिडकी बंद करून घरी. एका शाखेत सकाळी शिपायाला कॅशियरचं खातं उघडं सापडलं. त्या दिवसापासून 'बाहेर पडा'.

वेलांटी:
हेच म्हणतेय मी. खतावणी, नावे, जमा हे शब्द शिकवावे लागत नाहीत. ते फेकून देऊन 'प्रविष्टी' आणि 'निर्गमन' आणायचं, आणि मग म्हणायचं लोकांना मराठी नको असते.

शुद्धलेखन_प्रेमी:
'बाहेर पडा' हे घरातून हाकलल्यासारखं वाटतं. मी थांबतो.

सावंतवाडीकर:
दाबलंत ना? चालतंय म्हणजे.

पिक्सेलपंत:
मूळ विषयाकडे येऊ का? मुख्य मॉड्यूल वर, त्यातली पानं डावीकडे. मोठ्या ॲपना हेच करावं लागतं.

खतावणीवाला:
म्हणजे रुंदीही खायची आणि उंचीही. वा! परवा वरचा मेनू मेलेला होता, आज उठून बसला?

पिक्सेलपंत:
काउंटरच्या पडद्यापुरतं मान्य. तिथे चारच कामं असतात: जमा, नावे, पासबुक, शिल्लक. चार शब्द वर मावतात. व्यवस्थापकाला मात्र साइडबारच हवा, त्याला तीस पानं लागतात. एवढं द्या.

खतावणीवाला:
व्यवस्थापकाचं दिलं. तो खतावणी उघडत नाही, खालच्याला उघडायला लावतो.

वेलांटी:
आणि त्या कॅशियर मॅडमचं काय झालं? झूमचं?

खतावणीवाला:
ब्रेकपॉइंट अजून तोच आहे, पुढच्या अपडेटला बदलतोय. (हो पंत, चूक माझी.) मागच्या आठवड्यात शाखेत गेलो होतो. मॅडमनी मॉनिटरच्या खाली चिठ्ठी चिकटवलीय, वर सेलोटेप: "मेनू उडाला तर कंट्रोल आणि शून्य. आकडे दिसले नाहीत तर परत कंट्रोल आणि अधिक." नव्या मुलीला त्या तेच शिकवत होत्या.