मदत हवी आहे : निवडीची दिशा उलटली, तर तिला कोणत्या प्रकारात मोडावे?

नैसर्गिक निवडीच्या तीन प्रकारांविषयी एक शंका आहे. दिशात्मक निवडीत एखाद्या शारीरिक गुणाची (उदा. चोचीच्या जाडीची) सरासरी एका बाजूला सरकते, स्थिरकारी निवडीत दोन्ही टोके मागे पडतात (नवजात बालकांचे वजन हे त्याचे नेहमीचे उदाहरण) आणि विभाजक निवडीत मधलेच मागे पडतात, एवढे समजते.

अडचण येते ती प्रशांत महासागरातील गॅलापागोस द्वीपसमूहाच्या डॅफ्ने मेजर बेटावरच्या फिंच पक्ष्यांपाशी. जीवशास्त्रज्ञ पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांच्या नोंदींनुसार 1977 च्या दुष्काळात लहान, मऊ बिया संपल्या आणि गोखरूच्या वंशातील एका वनस्पतीची काटेरी, टणक फळे फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी अधिक प्रमाणात तगले. वाचलेल्यांच्या चोचीची सरासरी जाडी सुमारे अर्ध्या मिलिमीटरने जास्त होती. पुढे 1983 च्या अतिवृष्टीनंतर लहान बियांचे प्रमाण वाढले आणि निवडीचा कल लहान चोचीकडे वळला. प्रत्येक टप्पा सुटा पाहिला तर निवड दिशात्मकच आहे, पण दोन्ही एकत्र धरले तर सरासरी फारशी हललेली दिसणार नाही, आणि केवळ सुरुवातीचे व शेवटचे मोजमाप हाती असलेला अभ्यासक तिला बहुधा स्थिरकारी म्हणेल. माझ्या मते ते चूक ठरेल, कारण मधल्या आकाराला इथे कधीच विशेष लाभ झालेला नाही.

मग हे दोन प्रकार ओळखताना सरासरीपेक्षा गुणातील विविधतेचा विस्तार पाहावा, की प्रत्येक पिढीतील जगण्या-वाचण्याचे प्रमाण स्वतंत्रपणे मोजावे? जाणकारांनी कृपया उदाहरणासह सांगावे.