मुक्तस्रोत प्रकल्प का तगतात? सिम्युलेशनच्या उत्तरावर किती विसंबावे?

अनुजा:
मुक्तस्रोत (कोड कुणालाही पाहता-बदलता येणाऱ्या) सॉफ्टवेअरचे मोजके प्रकल्प वाढतात आणि बाकीचे ओस का पडतात, हे तपासण्यासाठी मी नेटलोगो या मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर चालणारी नक्कल, लिहिले आहे. त्यात ३०० प्रोग्रामर आणि ६० प्रकल्प आहेत. प्रकल्पाचा विषय आपल्या आवडीशी किती जुळतो आणि तिथे आधीपासून किती जण आहेत, हे पाहून प्रत्येक प्रोग्रामर दर फेरीला एक प्रकल्प निवडतो. कितीही वेळा चालवले तरी शेवटी पाच-सहा प्रकल्पांतच गर्दी होते. प्रत्यक्षातही असेच चित्र दिसते खरे. पण हे उत्तर मॉडेलने शोधले की मीच त्यात घालून ठेवले होते?

रामेश्वर:
शंका रास्त आहे. ‘माणसे आहेत तिथेच माणसे जातात’ हा नियम एकदा दिला की विषम वाटणी जवळजवळ आपोआप येते. बाराबाशी आणि अल्बर्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये जाळ्यांच्या (नेटवर्कच्या) बाबतीत हेच दाखवले होते. म्हणून केवळ वाटणी जुळली, हा पुरावा होत नाही. गर्दीचे वजन शून्यावर आणा आणि मग हळूहळू वाढवत न्या. शिवाय तेच ६० प्रकल्प ठेवून, फक्त रँडम सीड (योगायोगाचे आकडे ज्यावरून ठरतात तो सुरुवातीचा आकडा) बदलत, दोनशे वेळा चालवा. दर वेळी तेच प्रकल्प जिंकले तर गुण प्रकल्पाचा, वेगवेगळे जिंकले तर योगायोगाचा वाटा मोठा. प्रत्यक्षातले उदाहरण दोन मुक्तस्रोत कर्नलचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे: ग्नू हर्डचे काम १९९० मध्ये सुरू झाले, लिनक्सची घोषणा २५ ऑगस्ट १९९१ रोजी झाली. लिनक्स जगभर पोचले आणि हर्डची १.० आवृत्ती अजून आलेली नाही. रचना, नेतृत्व की वेळ, हा वाद मिटत नाही, कारण ती वर्षे पुन्हा चालवून पाहता येत नाहीत. सिम्युलेशनचे खरे मोल मला इथेच दिसते.

पाणवठा:
मी एका छोट्या सॉफ्टवेअर लायब्ररीची (इतर प्रोग्राममध्ये वापरायच्या तयार कोडची) देखभाल करतो, त्या अनुभवावरून सांगतो. तुमच्या मॉडेलमध्ये येणारा प्रत्येक जण बळ वाढवतो. प्रत्यक्षात एका नवख्याने चाळीस ओळींचा पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) पाठवला, त्यात तीन वेगळे बदल एकत्र होते आणि चाचणी एकही नव्हती; तो तपासण्यात माझा अख्खा रविवार गेला, आणि उत्तर उशिरा मिळाले म्हणून तो परत आलाच नाही. तेव्हा प्रत्येक प्रकल्पाला तपासणीचे मर्यादित तास द्या.

यशाची व्याख्याही एकच ठेवू नका. एक्सझेड हे फाइल आकुंचित करणारे सॉफ्टवेअर जवळजवळ प्रत्येक लिनक्स वितरणात होते, पण त्याचा भार एका स्वयंसेवकावर होता. कुणीतरी दोनेक वर्षे काम करून विश्वास कमावला आणि २०२४ मध्ये ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट (गुपचूप आत शिरण्याची सोय) घातली. एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने पाठपुरावा केला म्हणून ती सापडली. केवळ वापर मोजणारे मॉडेल त्या प्रकल्पाला पहिल्या क्रमांकावर बसवील.

अनुजा:
दोघांचेही मनापासून आभार. सीड बदलून पाहिले: जिंकणारे प्रकल्प दर वेळी बदलतात, पण ज्यांचा विषय फार थोड्यांच्या आवडीचा आहे ते कधीच वर येत नाहीत. म्हणजे विषय शर्यतीतून बाद करू शकतो, जिंकवून देत नाही. आता तपासणीचे तास घालते आहे. पाणवठा, नवख्याच्या पहिल्या आणि पाचव्या पॅचला लागणाऱ्या वेळेत साधारण किती फरक पडतो? तो आकडा मला अंदाजाने ठरवायचा नाही.