नवा फायरमन आहे, पूर तोंडावर आलाय. स्वतःच्या पैशानं काय घेऊ?

कृष्णाकाठचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातला आहे, वय २४. सहा महिन्यांचा फायरमनचा कोर्स करून दोन महिन्यांपूर्वी एका अग्निशमन केंद्रावर ठेकेदारामार्फत लागलोय. केंद्राचं नाव लिहीत नाही, मला तक्रार करायची नाही, सल्ला हवाय.

मिळालेलं सामान असं: एक डांगरी (कामाचा अंगभर एकसलग पोशाख), गमबूट (माझा नंबर ८, मिळाले १०) आणि एक जुनं हेल्मेट, त्याचा हनुवटीचा पट्टा तुटलेला. मागच्या महिन्यात भंगाराच्या गोदामाची वर्दी (आगीचं बोलावणं) होती. होज (पाण्याचा पाइप) ओढताना उजवा बूट चिखलात राहिला आणि पाय बाहेर आला. शेजारी पत्रे पडलेले. काही झालं नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही.

पगारातले ८,००० बाजूला काढलेत. ऑनलाइन बघितलं तर चांदीसारखा चमकणारा फायर सूट, गॅस मास्क, हेल्मेट, सगळं त्यात बसतंय. घेऊ का? पावसाळा सुरू होतोय, सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी चढायला लागलं की आम्हाला बोटीवर पाठवणार. त्यासाठी काय लागेल तेही सांगा. आई रोज विचारते, तिला काहीतरी ठाम सांगायचंय.

वणवा_सातारा:
मित्रा, तो चमकणारा सूट घेऊ नको. बाकी सविस्तर रात्री लिहितो.

निवृत्त_लीडिंग:
पोरा, मी या कामात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच सांगली-मिरजेत. नीट वाच.

तो ॲल्युमिनियमचा सूट लांबून येणारी धग परतवायला असतो. आगीच्या आत शिरायला तो नाही. आत जायचा सूट तीन थरांचा असतो: वरचं कापड जळत नाही, मधला थर पाणी अडवतो, आतला थर उष्णता अडवतो. असा खरा सूट तुझ्या ८,००० मध्ये येत नाही. आणि स्वस्तातला अंगावर असला की माणूस दोन पावलं जास्त पुढं जातो. त्या दोन पावलांची मला भीती वाटते. जुना, वापरलेला सूटही घेऊ नको. आतला थर कुजलाय का, ते बाहेरून दिसत नाही.

हेल्मेटचंही तेच. बांधकामावरचं पिवळं हेल्मेट वरून वीट पडली तर उपयोगी, पण धगीत मऊ पडतं. ज्या वस्तूवर जीव लटकलाय ती खात्याकडून घ्यायची, आणि लेखी मागून घ्यायची. तू ठेक्यावर आहेस, एकट्यानं अर्ज दिलास तर डोळ्यावर येशील. म्हणून पाळीतल्या सगळ्यांच्या सह्या घे, सब ऑफिसरसाहेबांच्या मार्फत दे, दोन प्रती कर आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घे. भाषा साधी ठेव: ‘हनुवटीचा पट्टा तुटलेला आहे, बदलून मिळावा. गमबूट ८ नंबरचे मिळावेत.’ मागणी छोटी आणि मोजून सांगता येईल अशी असली की साहेबालाही सही करायला सोपं जातं. माझ्या वेळेला अशाच एका कागदावर अकरा जोड बूट आले होते.

तोवर १० नंबरच्या बुटात जाड सुती मोज्यांचे दोन जोड आणि एक फेल्टचा तळवा घाल. काम भागेल, पण भागतंय म्हणून अर्ज थांबवू नको.

कृष्णाकाठचा_पोरगा:
काका, मनापासून आभार. अर्जाचं डोक्यातच आलं नव्हतं. गॅस मास्कचं काय? दोन बाजूला डबे असलेला, १,८०० ला आहे. आमच्याकडं पाळीला बीए सेट (पाठीवर हवेचं सिलिंडर आणि तोंडाला मास्क) दोनच चालू आहेत. तिसऱ्यानं काय करायचं?

निवृत्त_लीडिंग:
तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. पंपावर, होजवर, नाहीतर दारात. आत जायचं नाही.

हे जरा लांबण लावून सांगतो, कारण इथंच माणसं जातात. तो डब्याचा मास्क हवा गाळतो, हवा तयार करत नाही. साध्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. तो १९.५ च्या खाली गेला की गाळणीचा मास्क कितीही भारी असला तरी निरुपयोगी. बंद गोदामातल्या आगीत ऑक्सिजन आग खाऊन टाकते, वर कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना वास ना रंग.

हरिपूरची पेवं तुला माहीत असतील. जमिनीत खोल खणलेली, हळद साठवायची. २००५ च्या पुरात त्यातली कितीतरी खराब झाली. आपल्या जुन्या माणसांना हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, तरी पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. तोंड उघडून वारा खेळू द्यायचे, मग कंदील खाली सोडून बघायचे. कंदील विझला तर आत जीवही विझणार. कोंदटलेली विहीर, ड्रेनेजचा चेंबर, गोबरगॅसची टाकी, सगळ्यांची जात तीच. कंदिलाची परीक्षा आज पुरेशी नाही, विषारी गॅस असला तरी ज्योत जळत राहू शकते, आणि पेट घेणारा गॅस असला तर कंदीलच घात करेल. गॅस मोजायचं यंत्र केंद्रात आहे का बघ. नसेल तर तेही अर्जात घाल. एक माणूस चेंबरमध्ये पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, दुसऱ्याला काढायला तिसरा, हे मी बघितलंय. जास्त लिहीत नाही.

आता बीए सेटचा हिशेब शिक. ६.८ लिटरचं सिलिंडर ३०० बार दाबाला भरलं की ढोबळ २,००० लिटर हवा. शांतपणे मिनिटाला ४० लिटर धरले तर ५० मिनिटं. पण होज ओढत जिना चढणारा माणूस ७०-८० लिटर ओढतो, म्हणजे २५ मिनिटं. हवा कमी होऊन साधारण ५५ बारला आली की सेटची शिट्टी वाजते. शिट्टी ही बाहेर पडलेलं असायची वेळ, निघायची नव्हे. अर्धी हवा परतीला ठेवायची. रिकाम्या वेळी सेट घालून केंद्राचा जिना चढ-उतर, स्वतःची हवा किती मिनिटं पुरते ते वहीत लिही. याला एक पैसा लागत नाही.

आणि दाढी रोज. मास्कच्या कडेला केस आले की धूर आत येतो.

एकशेआठवाली_डॉक्टर:
मी १०८ वर डॉक्टर आहे, पाच वर्षं मिरज भागात. काकांचं गॅसबद्दलचं सगळं बरोबर आहे. भाऊ, ८,००० मधला पहिला खर्च दुकानात करू नका, दंडावर करा.

हिपॅटायटिस बीचे तीन डोस: आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तात अँटिबॉडी तपासून घ्या, १० च्या वर असायला हव्यात. अपघातात पत्रा कापून माणूस बाहेर काढताना रक्त तुमच्या हाताला लागतंच. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते आठवत नसेल तर तेही घ्या. सरकारी दवाखान्यात आधी विचारा, खर्च वाचेल.

नायट्राइलच्या हातमोज्यांचा एक डबा स्वतःचा ठेवा. कातडी हातमोज्यांच्या आत एक जोड घालायचा. वर्दी संपली की आतला टाकून द्यायचा.

पुराच्या पाण्यात तासन्‌तास राहणार असाल तर लेप्टोस्पायरोसिसचा विषय आहे. उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतो, पायाच्या भेगांतून अंगात जातो. आठवड्याला घ्यायची गोळी असते, पण ती डॉक्टरनं सांगितल्यावरच, कुणाच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून नाही. पुरानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर ‘मी पुरात काम केलंय’ हे वाक्य डॉक्टरला आधी सांगा. हे सांगितलं नाही म्हणून दोन दिवस साध्या तापाचं औषध घेत बसलेला एक तरुण आमच्या गाडीत आला होता. वाचला, पण मूत्रपिंडावर आलं होतं.

आणि स्ट्रेचर उचलताना गुडघ्यातून उचला. आमच्यातले निम्मे पायलट (ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर) कमरेच्या पट्ट्यावर गाडी चालवतात.

हळदपेठ_सांगली:
मी फायरचा नाही, गणपती पेठेत दुकान आहे. २०१९ ला आयर्विनला ५७ फुटांच्या वर पाणी होतं तेव्हा माझ्या वडिलांना तुमच्यासारख्याच पोरांनी दुसऱ्या मजल्यावरून बोटीत घेतलं. त्यातल्या एकाच्या पायात बूट नव्हते, तळव्याला काच लागलेली होती आणि तो बोलला नाही. बोटीतून उतरताना रक्त दिसलं. भावा, बूट माझ्याकडून. निरोप पाठव.

कृष्णाकाठचा_पोरगा:
दादा, वाचून कसंतरी झालं. पैसे नकोत, पण तुम्ही हे लिहिलंत ते आईला वाचून दाखवलं.

वणवा_सातारा:
आता सविस्तर. मी साताऱ्यात घाटातल्या अपघातांना दोरावर उतरणाऱ्या गटात आहे, उन्हाळ्यात वणवे विझवतो, आणि २०१९ व २०२१ ला बोटी घेऊन तुमच्याकडं सांगलीला आलो होतो. म्हणून पाण्याचं बोलतो.

पुरात गमबूट घालू नको. बूट पाण्यानं भरला की पाय दगड होतो आणि ओढीत पोहता येत नाही. बारक्या भोकांचे, घट्ट बसणारे, जाड तळाचे बूट घे, पाणी आलं तसं निघून जातं. डांगरीही नको. घट्ट, लवकर वाळणारी पँट घाल. आगीला मात्र बरोबर उलटं: वणव्यात आणि आगीत अंगाला सुतीच कापड. आतला बनियनसुद्धा सुती, कारण पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. आगीचं हेल्मेटही पाण्यात नको, मागच्या रुंद कडेला ओढ धरते आणि मान मागं जाते.

लाइफ जॅकेट खात्याचं असेल, पण ते आधी अंगावर घालून पाण्यात उतरून बघ. खांद्याला धरून कुणीतरी वर ओढायचं. ते कानापर्यंत आलं तर सैल आहे. मांड्यांतून जाणारा पट्टा लावायचाच. ऑगस्ट २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली, ते तुमच्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. बोटीत जितकी जॅकेटं तितकीच माणसं. काठावर लोक हात जोडतात, पोरं पुढं करतात, तरी आकडा मोडायचा नाही. ‘दुसऱ्या फेरीला येतो’ म्हण आणि खरंच ये.

उसाच्या फडावरून बोट नेताना इंजिनाच्या पात्यात पाचट आणि कुंपणाच्या तारा अडकतात. दात्यांचं, टोक नसलेलं एक चांगलं कटर जॅकेटला बांधून ठेव. टोकदार चाकू नको, रबरी बोट आहे.

टॉर्च डोक्याला लावायचा घे. ३०० ल्यूमन पुरतात, पाण्यात बुडाला तरी चालणारा हवा, डब्यावर ‘आयपीएक्स ७’ लिहिलेलं बघ. साध्या पेन्सिल सेलवर चालणाराच घे. पूर आला की पहिली वीज जाते, मग चार्जिंगवाला टॉर्च दुसऱ्या रात्री बंद.

फायरमनची_घरधनीण:
मी लिहू का? माझे मालक १४ वर्षं फायरमध्ये आहेत. तुमच्या आईसाठी लिहिते.

दादा, वर्दीवरून आल्यावर डांगरी तशीच घरी आणू नका. आमच्याकडं पहिली सात वर्षं धुराचे कपडे घरच्या कपड्यांत भिजायचे, मुलगी बाबांना दारातच मिठी मारायची. नंतर एका शिबिरात कळलं की ती काजळी कातडीतून अंगात जाते. आता केंद्रावरच नळाखाली झटकून, मान-कान-मनगटं साबणानं धुऊन येतात. घरी वेगळी बादली आहे, तिच्यावर लाल रंग लावलाय. जादा डांगरी शिवून घेतली, ती ८,००० मधून तुम्हीही घ्या. एकच असली की माणूस न धुता तीच परत चढवतो.

आणि वर्दी संपली की आईला दोन शब्द पाठवा. ‘आलो’ एवढंच. मी अजून त्याच शब्दाची वाट बघते.

एकशेआठवाली_डॉक्टर:
वहिनी, तुमचं म्हणणं अगदी बरोबर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०२२ मध्ये अग्निशमनाचं काम माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. लाल बादली सगळ्या घरांत हवी.

निवृत्त_लीडिंग:
आमच्या काळी काळी डांगरी म्हणजे मान होता. जितकी काळी तितका फायरमन पक्का. ते चुकीचं होतं, पोरा. माझ्या बरोबरीचे दोघे त्या आजारानं गेले. बाईंचं ऐक.

कृष्णाकाठचा_पोरगा:
सगळ्यांना नमस्कार. चार दिवसांनी लिहितोय.

हिपॅटायटिसचा पहिला डोस झाला. डोक्याचा टॉर्च, पेन्सिल सेलवाला. पुरासाठी भोकांचे बूट मारुती रोडवर मिळाले. हातमोज्यांचा डबा, फेल्टचे तळवे, कटर. दुसरी डांगरी शिवायला टाकलीय. ६,३०० झाले. मास्क आणि चमकणारा सूट घेतला नाही.

अर्जावर नऊ जणांच्या सह्या झाल्या. हेल्मेटचे पट्टे, बुटांचे नंबर, बंद पडलेले बीए सेट दुरुस्त करणं आणि गॅस मोजायचं यंत्र, चारच मुद्दे. सब ऑफिसरसाहेबांनी वाचून पाचवा स्वतः घातला, जॅकेटचे मांडीपट्टे. आवकचा शिक्का आज मिळाला.

काल सेट घालून जिना चढलो. माझी हवा २२ मिनिटांत शिट्टीला आली. काका, हे कमी आहे ना?

निवृत्त_लीडिंग:
पहिल्या दिवसाला कमी नाही. तू तोंडानं धापा टाकत असशील. पायऱ्या मोजत श्वास घे, दोन पायऱ्यांना आत, तीनला बाहेर. आठवडाभर कर, मग परत आकडा सांग. वही तीच ठेव.

वणवा_सातारा:
टॉर्चमधले सेल काढून ठेव, वापरायच्या वेळी घाल. नाहीतर पिशवीत बटण दाबलं जातं.