सांतानाच्या मैफली: ऐकायला सुरुवात कुठून करावी?

स्वरयात्री:
सांताना या लॅटिन रॉक वाद्यवृंदाशी माझी ओळख 1999 च्या ‘सुपरनॅचरल’ या अल्बमपासूनची. ‘स्मूथ’ आवडले, पण पाहुण्या गायकांच्या गर्दीत मूळ संच कुठे आहे हे कळेना. जाणकार म्हणतात की सांताना ऐकावा तो मैफलीतला. अमेरिकेतल्या 1969 च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवातली त्यांची चित्रफीत पाहिली आहे. परंतु त्याआधी आणि नंतर हा संच कसा वाजवत होता, कोणती ध्वनिमुद्रणे ऐकावीत आणि सगळे श्रेय एकट्या कार्लोस सांताना यांना द्यावे का, हे कृपया कोणी सांगावे.

लयवेडा:
श्रेयाचा प्रश्न आधी घेतो. 1966 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हा संच उभा राहिला तेव्हा त्याचे नाव ‘सांताना ब्लूज बँड’ असले, तरी कार्लोस काही त्याचे सर्वेसर्वा नव्हते. गाणी ग्रेग रोली म्हणत आणि हॅमंड ऑर्गनही तेच वाजवत. कार्लोस मेक्सिकोतल्या औत्लानचे, वडील मारियाची या मेक्सिकन लोकसंगीत परंपरेतले व्हायोलिनवादक, पण त्यांचा स्वतःचा हात तयार झाला तो तिहुआनाच्या क्लबांमध्ये ब्लूज वाजवून. संचाचा लॅटिन पाया पक्का केला तो काँगा (हातांनी वाजवायचा उंच ढोल) वाजवणारे मायकेल काराबेयो आणि टिम्बालेस (काठ्यांनी वाजवायचे धातूच्या भांड्यांचे जोडढोल) वाजवणारे निकाराग्वाचे होसे ‘चेपितो’ आरेआस यांनी.

हे कानांनी पडताळायचे असेल तर 1997 मध्ये प्रसिद्ध झालेले ‘लाइव्ह ॲट द फिलमोर 1968’ ऐकावे. डिसेंबर 1968 मधल्या त्या मैफलींत चेपितो नाहीत, ड्रमवर मायकेल श्रीव्ह नाहीत, आणि ‘फ्रीवे’ ही एकच रचना अर्धा तास चालते. वाजवणे दमदार आहे, पण पसरट. आठ महिन्यांनी, 16 ऑगस्ट 1969 रोजी, वुडस्टॉकमध्ये ‘सोल सॅक्रिफाइस’ किती बांधीव झाले आहे ते पाहा. वीस वर्षांच्या श्रीव्ह यांचे एकलवादन चढत जाण्याऐवजी आधी खाली उतरते, स्नेअर ड्रम जेमतेम ऐकू येईल इतके हलके होते, आणि तिथून पुन्हा उसळते. आपण त्या दुपारी नशेत होतो, गिटारची मान हातात सापासारखी वळवळते आहे असे वाटत होते आणि तालासुरात राहू दे एवढीच प्रार्थना करत होतो, असे कार्लोस यांनी पुढे मुलाखतींत सांगितले आहे. तरीही संच ढळला नाही, याचे श्रेय मी उरलेल्या पाच जणांना देईन. पहिला अल्बमही तोवर बाजारात यायचा होता; सॅन फ्रान्सिस्कोतले मैफल-आयोजक बिल ग्रॅहम यांनी जोर लावला नसता तर त्यांना तिथे जागा मिळणे अवघड होते. ती पूर्ण मैफल 2009 पासून उपलब्ध आहे, सुरुवात तिथूनच करावी.

तालमाला:
सहमत. चेपितो यांचे टिम्बालेस ताशाच्या सवयीच्या कानाने ऐकावे: काठीने वाजणारे, कडक, ढोलांच्या गर्जनेतूनही वर उठणारे. वादक केवळ चामड्यावर नव्हे, तर भांड्याच्या धातूच्या अंगावरही काठी मारून लय धरतो.

दुसरे असे, की ज्या गाण्यांवर या संचाचे नाव झाले त्यांतली बरीचशी मुळात दुसऱ्यांची आहेत. 1970 च्या ‘एब्रॅक्सस’मधले ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ फ्लीटवुड मॅक या ब्रिटिश बँडच्या पीटर ग्रीन यांचे, त्याला जोडलेले ‘जिप्सी क्वीन’ हंगेरियन गिटारवादक गाबोर साबो यांचे, ‘ओये कोमो वा’ लॅटिन संगीतकार टिटो पुएन्ते यांचे. पुएन्ते यांच्याकडे बासरीवर असलेली ओळ इथे ऑर्गन आणि गिटारकडे आली. ‘जिंगो’ तर नायजेरियाचे बाबातुंदे ओलातुंजी यांचे. बंदिश जुनी आणि मांडणी आपली, यात आपल्याला वावगे वाटण्याचे कारण नाही.

पूर्वरंग:
वुडस्टॉकनंतर ‘लोटस’ घ्यावे. 1972 च्या ‘कॅराव्हानसराय’मध्ये संच जॅझकडे वळला आणि फुटला, रोली आणि तरुण गिटारवादक नील शॉन यांनी बाहेर पडून जर्नी हा बँड काढला. कार्लोस न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या श्री चिन्मय या बंगाली गुरूंचे शिष्य झाले आणि ‘देवदीप’ हे नाव लावू लागले. त्या काळातली, जुलै 1973 मधली जपानच्या ओसाका शहरातली मैफल म्हणजे ‘लोटस’: तीन तबकड्या, आणि आरंभी चक्क एक मिनिट शांतता! श्रीव्ह, चेपितो आणि क्यूबाचे अर्मांदो पेरासा असे तीन तालवादक त्यात आहेत. गाणी कमी आणि वादन जास्त असल्याने काहींना ते जड जाते, पण माझ्या मते संचाची तयारी इथे सर्वांत वरची आहे.

स्वरयात्री:
आभारी आहे. मूळ मंडळी नंतर कधी एकत्र आली का?

लयवेडा:
आली. 2016 मध्ये रोली, शॉन, काराबेयो आणि श्रीव्ह यांच्यासह ‘सांताना 4’ निघाला आणि लास व्हेगासमधली त्यांची मैफलही प्रसिद्ध झाली. बासवादक डेव्हिड ब्राऊन 2000 मध्येच वारले होते. रोली यांचा आवाज अजून खणखणीत आहे. पण टिम्बालेसवर चेपितो नाहीत, कार्ल पेराझो आहेत. ते उत्तम वाजवतात, तरी वुडस्टॉक ऐकून लगेच हे लावले तर फरक पहिल्याच गाण्यात कळतो.